कोकणकन्या एक्स्प्रेसने मुंबईहून कोकणात आणि गोव्यात: आरक्षणापासून उतरण्यापर्यंत

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी सुटणारी आणि पावसाळा सोडून इतर दिवसांत सकाळी दहाच्या आत मडगावला पोहोचणारी कोकणकन्या एक्स्प्रेस कोकणातल्या माणसाला वेगळी ओळख करून देण्याची गरज नसलेली गाडी आहे. जाताना तिचा क्रमांक २०१११ आणि येताना २०११२ असतो. पूर्वी ती १०१११ आणि १०११२ या क्रमांकांनी धावत असे, आणि जुन्या प्रवाशांच्या तोंडी अजूनही तेच आकडे येतात. अतिजलद गाड्यांत समावेश झाल्यावर क्रमांक बदलला. त्यामुळे आरक्षण करताना जुना क्रमांक टाकून गाडी सापडत नाही म्हणून गोंधळून जाऊ नये.

कागदोपत्री ही गाडी मुंबई आणि मडगाव ही दोन शहरे जोडते. प्रत्यक्षात तिच्यातले असंख्य प्रवासी मडगावपर्यंत जातच नाहीत. कोणी पहाटे तीन-साडेतीनला चिपळूणला उतरतो, कोणी उजाडण्याआधी रत्नागिरीला, तर कोणी कोवळ्या उन्हात कुडाळला. रात्रभर झोपून सकाळी शेवटच्या स्थानकावर उतरण्याइतके हे सोपे नाही. आपले स्थानक मध्येच, अनेकदा अंधारात आणि दोन मिनिटांच्या थांब्यापुरते येणार असते. म्हणून या गाडीचा बेत शेवटाकडून सुरुवातीकडे आखावा, असे माझे ठाम मत आहे. आधी उतरायचे स्थानक निश्चित करावे, त्यानंतर चढायचे स्थानक आणि तारीख, आणि मग आरक्षणाला हात घालावा.

उतरायचे स्थानक

कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा असून २६ जानेवारी १९९८ पासून तो संपूर्ण लांबीवर खुला झाला. डोंगर, खाड्या आणि नद्या यांच्यातून वाट काढत आखलेला हा मार्ग बऱ्याच ठिकाणी समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांपासून आत, सह्याद्रीच्या बाजूने जातो. मालवण, वेंगुर्ले, देवगड, गुहागर, दापोली, श्रीवर्धन या गावांना रेल्वे स्थानकच नाही. यांपैकी कोठेही जायचे असेल तर आपल्या गावासाठी कोणत्या स्थानकावर उतरावे, याचे उत्तर केवळ नकाशावरचे अंतर पाहून देता येत नाही. त्या वेळेला तेथून पुढे जायला वाहन मिळेल का, हेही पाहावे लागते.

मालवणला जाणाऱ्यांनी कुडाळला उतरावे. अंतर साधारण तीस किलोमीटर आहे आणि गाडी सकाळी सातच्या आसपास पोहोचत असल्याने पुढची सोय होते. येथे एका गैरसमजाबद्दल आवर्जून सांगितले पाहिजे. ‘सिंधुदुर्ग’ नावाचे स्थानक ओरोसजवळ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या समुद्रात आहे. किल्ला पाहायला म्हणून त्या स्थानकाचे तिकीट काढणारे पर्यटक दरवर्षी भेटतात. तेथूनही मालवणला जाता येते, परंतु किल्ला स्थानकाबाहेरच असेल या समजुतीने उतरू नये.

देवगडसाठी कणकवली सोयीची आहे. विजयदुर्गकडे किंवा गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना वैभववाडी रोड बरे पडते. वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडी यांपैकी कोठूनही जाता येते. आंबोलीसाठी मात्र सावंतवाडीच. सावंतवाडी रोड हे स्थानक शहरात नाही, मळगावात आहे, आणि तेथून शहरात जायला काही किलोमीटरचा रिक्षाचा प्रवास करावा लागतो. स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ लिहिलेले असेल तर गाव स्थानकापासून किती लांब आहे, याची चौकशी तिकीट काढण्याआधी करावी.

उत्तरेकडच्या भागात प्रश्न अंतरापेक्षा वेळेचा असतो. दापोलीसाठी खेड आणि गुहागरसाठी चिपळूण ही स्थानके बरोबर आहेत, पण गाडी तेथे मध्यरात्र उलटून गेल्यावर, साधारण तीन ते साडेतीनच्या दरम्यान पोहोचते. बरोबर लहान मुले किंवा वृद्ध असतील आणि न्यायला कोणी येणार नसेल, तर उजाडेपर्यंत स्थानकावर बसून राहण्याची तयारी हवी. अशा कुटुंबाने कोकणकन्येचा हट्ट धरू नये, असे मी प्रामाणिकपणे सुचवेन. त्यांच्यासाठी सकाळी मुंबईहून सुटणारी मांडवी एक्स्प्रेस अधिक सोयीची आहे. ती उजेडी चिपळूणला पोहोचवते, आणि तिच्यातल्या खाण्यापिण्याची ख्याती तर सर्वांना ठाऊक आहे. रत्नागिरी, गणपतीपुळे किंवा पावस येथे जाणाऱ्यांना कोकणकन्या पहाटे पाचच्या आसपास रत्नागिरीत सोडते. शहर स्थानकापासून काही अंतरावर आहे, मात्र तेथे त्या वेळीही रिक्षा उभ्या असतात.

गोव्यात स्थानक निवडणे सोपे आहे. म्हापसा, कळंगुट आणि उत्तर गोव्यातल्या किनाऱ्यांसाठी थिवी, पणजी आणि जुन्या गोव्यासाठी करमळी, तर कोलवा आणि दक्षिणेकडच्या भागासाठी मडगाव. पणजीला जायचे असताना मडगावपर्यंत जाऊन पुन्हा उत्तरेकडे परत येणारे अनेक जण दिसतात. करमळीपासून पणजी दहा-बारा किलोमीटरवर असल्याने तो वळसा पूर्णपणे अनावश्यक आहे.

चढायचे स्थानक आणि तिकिटावरची तारीख

मुंबईत गाडी सीएसएमटीनंतर दादर आणि ठाणे येथे थांबते आणि पुढे पनवेलला जाते. पश्चिम उपनगरांतल्या प्रवाशांनी दादरला, डोंबिवली-कल्याणकडच्यांनी ठाण्याला आणि नवी मुंबईकरांनी पनवेलला चढावे, हे उघड आहे. सामान जास्त असेल किंवा वृद्ध माणसे बरोबर असतील तर मात्र थोडा उलटा प्रवास करूनही सीएसएमटी गाठावे. तेथे गाडी सुटण्याआधी फलाटावर लागते, डबा शांतपणे शोधता येतो आणि पिशव्या बर्थखाली नीट लावता येतात. दादर-ठाण्याच्या थोडक्या थांब्यात, लोकलच्या गर्दीतून वाट काढत, हे सारे धावपळीत करावे लागते.

आता तारखेचा मुद्दा. या गाडीच्या बाबतीत तो सर्वाधिक महत्त्वाचा आहे. गाडी सीएसएमटीवरून ११ वाजून ५ मिनिटांनी सुटते, दादर आणि ठाणे मध्यरात्रीच्या आत येतात, पण पनवेलला पोहोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे शनिवारी रात्री घरून निघणाऱ्या पनवेलच्या प्रवाशाच्या तिकिटावर रविवारची तारीख हवी. शनिवारची तारीख घातली तर ते तिकीट शुक्रवारी रात्री मुंबईहून सुटलेल्या गाडीचे ठरते, आणि ती गाडी शनिवारी बारानंतर थोड्याच वेळात पनवेलहून निघून गेलेली असते. फलाटावर तिकीट हातात घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाला तिकीट तपासनीस हे समजावून सांगत असल्याचे दृश्य फार वाईट असते, कारण तोपर्यंत करण्यासारखे काहीही उरलेले नसते. दादरहून मध्यरात्रीनंतर लगेच सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसला हाच नियम लागू होतो.

एकदा तिकिटावर चढायचे स्थानक ठरले की त्याच स्थानकावर चढावे. सीएसएमटीचे तिकीट काढून ठाण्याला चढू, असे मनाशी ठरवणे धोक्याचे आहे. प्रवासी जागेवर आला नाही असे समजून तपासनीस तो बर्थ आरएसीच्या, म्हणजे पूर्ण बर्थ न मिळता केवळ बसायला जागा मिळालेल्या, प्रवाशाला देऊ शकतो. बेत बदलला तर आरक्षणाचा तक्ता, म्हणजे कोणाला कोणती जागा याची यादी, तयार होण्याआधी संकेतस्थळावरून चढण्याचे स्थानक बदलून घेता येते आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

आरक्षण

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. हे ६० दिवस प्रवासाचा दिवस वगळून मोजतात आणि ते गाडी मूळ स्थानकावरून ज्या दिवशी सुटते त्या दिवसापासून मोजले जातात. उदाहरण गणपतीचेच घेऊ. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. १२ सप्टेंबरच्या रात्री मुंबईहून निघायचे असेल तर आरक्षण १४ जुलैला सकाळी आठ वाजता खुले होईल. त्याच गाडीत पनवेलला चढणाऱ्याच्या तिकिटावर १३ सप्टेंबर ही तारीख येईल, परंतु त्याचेही आरक्षण १४ जुलैलाच सुरू होईल. १३ तारखेपासून ६० दिवस मोजत बसलेला माणूस एक दिवस उशिरा जागा होतो, आणि गणपतीच्या दिवसांत एका दिवसाचा उशीर म्हणजे तिकीट हातचे गेलेच.

सकाळी आठची तयारी आदल्या दिवशी झालेली असावी. आयआरसीटीसीच्या, म्हणजे रेल्वेच्या ऑनलाइन तिकीट संकेतस्थळावरच्या, खात्याची आधार पडताळणी आधीच करून ठेवावी, कारण ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण खुले होतानाच्या पहिल्या वेळात पडताळणी झालेल्या खात्यांनाच तिकीट काढता येते. प्रवाशांची नावे, वये आणि बर्थची पसंती यांची यादी खात्यात साठवून ठेवण्याची सोय आहे. ती वापरली म्हणजे ऐन वेळी टंकलेखनात मिनिटे जात नाहीत. एका तिकिटावर सहा जणांची नावे बसतात. मोठे कुटुंब असेल तर घरातल्या दोघांनी आपापल्या खात्यांवरून एकाच वेळी प्रयत्न करावा.

प्रतीक्षा यादीचे प्रकार समजून घेतले तर निर्णय घेणे सोपे जाते. मूळ स्थानकापासून शेवटापर्यंतच्या किंवा जवळपास तेवढ्या लांबीच्या प्रवासासाठी सर्वसाधारण प्रतीक्षा यादी असते. जागा पक्की होण्याची शक्यता तिच्यात सर्वांत जास्त. मुंबईहून मधल्या स्थानकापर्यंतच्या प्रवासाला बहुधा एकत्रित कोट्याची यादी लागते. तिच्यातल्या जागा मोजक्या असल्याने ती सावकाश सरकते. म्हणून चिपळूण किंवा कणकवलीपर्यंत प्रतीक्षा यादी दिसत असताना मडगावपर्यंत मात्र जागा शिल्लक असल्याचे कधीकधी आढळते. अशा वेळी मडगावपर्यंतचे तिकीट काढून आपल्या स्थानकावर उतरणे नियमात बसते. भाडे जास्त पडते आणि उरलेल्या अंतराचे पैसे परत मिळत नाहीत. गरज असेल तर हा उपाय जरूर करावा, पण साध्या दिवसांत, आपल्या स्थानकापर्यंत सरळ जागा मिळत असताना, तो करू नये. पुढे गोव्यापर्यंत जाणाऱ्या एखाद्याची जागा आपण विनाकारण अडवलेली असते.

तत्काळ तिकिटे गाडी मूळ स्थानकावरून सुटण्याच्या आदल्या दिवशी निघतात. वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि शयनयान वर्गासाठी अकराला. पनवेलच्या प्रवाशाने येथेही मुंबईहून गाडी सुटण्याची तारीखच धरावी. म्हणजे तिकिटावर १३ तारीख असेल तर तत्काळ ११ तारखेला उघडेल. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी अनिवार्य असून मोबाइलवर येणारा ओटीपीही द्यावा लागतो. तेव्हा आधारशी जोडलेला मोबाइल हाताशी असावा. पक्के झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास सर्वसाधारणपणे काहीही परत मिळत नाही.

रात्री सुटणाऱ्या या गाडीचा पहिला तक्ता आता दुपारीच तयार होतो. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्त्यानंतरही पूर्णपणे प्रतीक्षा यादीत राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढणे म्हणजे विनातिकीट प्रवास. खिडकीवर काढलेले प्रतीक्षा यादीतले तिकीट असले तरी आरक्षित डब्यात प्रवास करता येत नाही. तक्ता दुपारी निघाल्यामुळे हाती काही तास उरतात. त्या वेळात दुसऱ्या गाडीचा, नाहीतर एसटीचा किंवा खासगी बसचा विचार करावा. गणपतीच्या आणि होळीच्या दिवसांत रेल्वे या मार्गावर अनेक विशेष गाड्या सोडते. त्यांची घोषणा नियमित गाड्यांचे आरक्षण भरून गेल्यानंतरही होत असते, म्हणून पहिल्या दिवशी निराशा झाली तरी लक्ष ठेवून राहावे.

बर्थ कोणता घ्यावा

शयनयान आणि वातानुकूलित तीन टियर डब्यांत आठ बर्थांचा एक कप्पा असतो. १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ बाजूचा खालचा आणि ८ बाजूचा वरचा. पुढचे कप्पे याच क्रमाने येतात, त्यामुळे क्रमांकाला आठाने भागून उरणाऱ्या बाकीवरून कोणताही बर्थ ओळखता येतो. बाकी शून्य आली तर तो बाजूचा वरचा. या गाडीला आता एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचे, डबे आहेत. त्यांच्या शयनयान डब्यात ८० आणि तीन टियर डब्यात ७२ बर्थ असतात. दाराजवळच्या कप्प्यांत, म्हणजे सुरुवातीच्या आठ आणि शेवटच्या आठ बर्थांवर, रात्रभर ये-जा आणि दारांचा आवाज असतो. मडगावपर्यंत झोपून जाणाऱ्याने ते टाळावेत.

चिपळूण किंवा खेडला उतरणाऱ्याचा हिशेब मात्र निराळा आहे. त्याची झोप तशीही तीन-चार तासांचीच असते. त्याच्यासाठी दाराजवळचा खालचा बर्थ उत्तम. इतरांच्या डोक्यावरून पिशव्या काढाव्या लागत नाहीत आणि अंधारात शिडी उतरण्याची कसरत वाचते. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. तो एकट्याने किंवा दोघांनी केलेल्या आरक्षणाला लागू होतो, मोठ्या कुटुंबाच्या एकाच तिकिटात ज्येष्ठांची नावे मिसळली की हाती लागत नाही. आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

अनारक्षित डब्यातून जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की गाडी अतिजलद असल्याने तिकिटात तो अधिभार धरलेला असला पाहिजे. या डब्यासाठी सीएसएमटीलाच चढावे. सणासुदीला तेथे रांग लावून प्रवाशांना आत सोडतात, आणि दादर-ठाण्याला त्या दारात पाय ठेवायलाही जागा नसते.

गाडीत, आणि अंधारातले स्थानक ओळखताना

रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपेची वेळ मानली जाते आणि मधला बर्थ त्या वेळात उघडता येतो. कोकणकन्या सुटतेच अकरानंतर, त्यामुळे डब्यात बसल्या-बसल्या बर्थ लावले जातात. जेवण घरी उरकून यावे किंवा फलाटावरच करावे. खालच्या बर्थवर सगळ्यांनी बसून डबे उघडण्यास ही गाडी योग्य नाही. पनवेलला चढणाऱ्यांनी मोठे दिवे न लावता मोबाइलच्या उजेडात आपली जागा शोधावी.

आपले स्थानक चुकू नये यासाठी गजर लावणे हा पहिला उपाय. गजर नियोजित वेळेच्या वीस-पंचवीस मिनिटे आधीचा असावा आणि उठल्यावर गाडीची प्रत्यक्ष स्थिती रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर किंवा ‘व्हेअर इज माय ट्रेन’वर पाहावी. मात्र केवळ ॲपवर विसंबून राहू नये. या मार्गावर ९१ बोगदे आहेत आणि बोगद्यात किंवा खोल खणलेल्या भागात मोबाइलचे जाळे जाते. ॲप काही मिनिटे मागच्याच स्थानकावर अडकून राहते, आणि थांबा दोनच मिनिटांचा असला तर ती काही मिनिटे महत्त्वाची ठरतात.

यापेक्षा मार्गच ऐकायला शिकावे. संगमेश्वर सोडल्यावर उक्षी आणि भोके यांच्या दरम्यान करबुडे बोगदा लागतो. त्याची लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. गाडीचा आवाज एकाएकी भरीव होतो, काचेवर भिंतीचा काळोख येतो आणि इतर बोगद्यांसारखे हे थोडक्यात संपत नाही. मिनिटांमागून मिनिटे तोच घोष चालू राहतो. एवढा लांब बोगदा झोपेतही कळतो. तो लागला की रत्नागिरीच्या प्रवाशाने अंथरूण आवरायला घ्यावे आणि तो संपून आवाज मोकळा झाला की सामान घेऊन दाराकडे निघावे. वैभववाडी-कणकवलीच्या प्रवाशाला त्या वेळी आणखी झोपायला हरकत नाही. रत्नागिरीनंतर गाडी पानवल नदीवरच्या ६४ मीटर उंच पुलावरून जाते. बोगद्याच्या अगदी उलट, तेथे आवाज खाली दरीत विरून जातो. जागे असाल आणि उजाडले असेल तर हा पूल जरूर पाहावा.

दार गाडी थांबल्यावरच उघडावे आणि फलाट कोणत्या बाजूला आहे याची खात्री करून पाय टाकावा. गाडी लांब आहे. टोकाचा डबा काही ठिकाणी दिव्यांपासून दूर, अंधाऱ्या भागात थांबतो. घाईत उलट्या बाजूने उतरण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. कसलीही अडचण आली तर १३९ या क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा ‘रेलमदत’वर तक्रार नोंदवावी. डबा आणि बर्थ क्रमांक दिला तर मदत पुढच्या स्थानकावर येते.

पावसाळा

कोकण रेल्वेचे पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे चाले, तर २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर असे होते. या काळात गाड्या कमी वेगाने धावतात आणि दृश्यमानता कमी झाली तर वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणण्याच्या सूचना चालकांना असतात. ही सावधगिरी मोठी किंमत मोजून आलेली आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळल्याने विशेष गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. पावसाळ्यात गाडी रेंगाळते म्हणून चिडणाऱ्या सहप्रवाशांना मी हे नेहमी सांगतो.

गणपती बहुतेक वेळा याच काळात येतात. तेव्हा चतुर्थीच्या प्रवासासाठी उन्हाळ्यात पाठ झालेल्या वेळा उपयोगाच्या नाहीत. न्यायला येणाऱ्या माणसाला वेळ सांगण्यापूर्वी ती त्या तारखेसाठी पुन्हा पाहून घ्यावी. सकाळी पूजेला बसायचे असेल तर आदल्या रात्री निघण्याऐवजी एक दिवस राखून निघावे. मार्गाचा बहुतांश भाग एकेरी असल्याने एका ठिकाणच्या दरडीने सगळी वाहतूक अडते. जुलै २०२४ मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरल्यामुळे आणि त्यानंतर काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड आल्यामुळे गाड्या रद्द झाल्या, काही पुणे-मिरज-लोंढा मार्गे वळवल्या गेल्या. वळवलेली गाडी मडगावला पोहोचते, पण कणकवलीच्या प्रवाशाला तिचा काहीही उपयोग नसतो. मुसळधार पावसाच्या दिवशी घरातून निघण्यापूर्वी गाडीची स्थिती पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि आपल्याला जायचे नसेल, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्यासाठीचा अर्ज, दाखल केल्यास पूर्ण परतावा मिळतो.

परतताना

मडगावहून कोकणकन्या संध्याकाळी निघते आणि पहाटे मुंबईत येते. पावसाळ्याच्या वेळापत्रकात या वेळाही बदलतात. परतीच्या तिकिटाच्या तारखेचा घोळ पनवेलला होत नाही, तो चिपळूण-खेडच्या पट्ट्यात होतो, कारण गाडी तेथून मध्यरात्रीच्या आसपास जाते. खेडच्या प्रवाशाने आपल्या स्थानकाची वेळ बाराच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहूनच तारीख घालावी. पनवेल आणि ठाणे अंधारातच येतात, तेव्हा जाताना लावलेला गजर येतानाही लावावा लागतो.

सुट्टी संपताना मे महिन्यात आणि गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतर परतीची गर्दी जाण्याच्या गर्दीपेक्षा कठीण असते, कारण सगळ्यांना एकाच रविवारी परतायचे असते. जाण्याचे तिकीट काढतानाच परतीचा दिवस ठरवून त्याचे आरक्षण ज्या दिवशी उघडेल ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. सामानाचीही मर्यादा असते. शयनयान आणि तीन टियर वर्गात प्रत्येकी ४० किलो, तर दोन टियरमध्ये ५० किलो सामान विनाशुल्क नेता येते. आंब्याच्या पेट्या, फणस आणि तांदळाची पोती यांचे वजन याहून बरेच वाढते. असे जास्तीचे सामान गाडी येण्याच्या पुरेशी आधी स्थानकावरच्या पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यातून पाठवावे, आणि पावती जपून ठेवावी. मुंबईत ती दाखवल्याशिवाय पेट्या ताब्यात मिळत नाहीत. हातात घेतलेल्या आंब्यांची पेटी बर्थखाली आडवी सरकवताना तिच्या फटी पॅसेजच्या बाजूला ठेवाव्यात म्हणजे फळांना वारा लागतो.